जागच्या जागी दुडकी

मैदानात हलगी शेकायला घेतली की आमच्या ओसरीपर्यंत वास येतो. वाळल्या गवताचा जाळ, त्यावर धरलेलं कातडं, आणि मग बोटानं वाजवून बघणं, ताण आला का नाही. कडुनिंबाचा मोहोर अंगणात सांडलेला असतो, कडब्याच्या गंजी रचून झालेल्या असतात, आणि चैत्रातल्या भैरोबाच्या यात्रेला लांबलांबून नाचणारी घोडी येतात. थेट जतकडनंसुद्धा येतात. टेंपोतनं उतरतात तीच पायात चाळ घालून. हलगी घुमली की लाकडी बाजेवर चढून नाचतात. त्यांचे नंबर काढायला पंच म्हणून कितीतरी वर्षं मीच बसतो. फौजेत अठरा वर्षं घोड्यांच्या पथकात सईस होतो. म्हणजे घोड्याची चंदी, पाणी, खरारा, पायातल्या नालापासून पाठीवरच्या खोगिरापर्यंत सगळं. घोड्यातलं मला कळतं असं गाव मानतं. मीही मानत होतो.

यंदा तो वास आला आणि मी उठून आतल्या खोलीत जाऊन बसलो.

माझी बायको शालन गेल्या आषाढात गेली. तिच्यामागची ही पहिली यात्रा. म्हाताऱ्याला बायको आठवत असेल, असं गाव समजलं. मी समजू दिलं. आठवते तर रोजच. तिनं ठेवलेली मिसरीची डबी अजून कोनाड्यात आहे, ती मी कुणाला हलवू देत नाही. पण त्या दिवशी आत जाऊन बसलो ते वेगळ्या कारणानं.

आमची सून सुनंदा दूध तापवता तापवता मोबाईल बघत असते. यात्रेच्या चार दिवस आधी तिनं तो माझ्यापुढं धरला.

"मामा, ही तुमच्या तबेल्यातली मॅडमच न्हवं?"

तीच होती. अर्ध्या मिनिटाची फिल्लम. फौजेनंतर मी कामाला होतो त्या तबेल्यात शिकायला येणाऱ्या कुणीतरी तेव्हा गुपचूप काढलेली, आता बाहेर आलेली. कुमाईत, म्हणजे काळसर तांबड्या रंगाचा उंच घोडा दोन खांबांच्या मध्ये बांधलाय. मॅडमच्या हातात लांब काठी. मागच्या पायांवर टक, टक, टक. घोडा एकेक पाय उचलतोय, शेपटी सारखी फिरतेय. आणि घोड्याच्या तोंडाशी दोर धरून एक माणूस उभा आहे. पांढरी टोपी. पाठमोरा.

"ह्यो टोपीवाला कोण वं?"

"आसंल कुनीतरी. तितं धा मानसं व्हती."

दहा नव्हती. त्या खांबांपाशी दोनच होती. एक मॅडम आणि एक मी.

खाली लोकांनी लिहिलेलं सुनंदानं वाचून दाखवलं. हिलाच बांधा, हिलाच हाणा, असलं. मॅडम परदेशातल्या मोठ्या स्पर्धेला जाणार होती. तिनं आपणहून नाव मागं घेतलं होतं, आणि खेळाच्या संघटनेनं चौकशी लावली होती. दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. कितीतरी वर्षांनी.

"काका, बरे आहात ना? काकूंचं कळलं तेव्हा यायला हवं होतं मी." मग म्हणाली, "चौकशीवाले विचारतायत तो माणूस कोण म्हणून. मी सांगणार नाही. तुम्ही यात पडू नका."

मी 'बरं' म्हणालो. फोन ठेवल्यावर ध्यानात आलं आपण कशाला बरं म्हणालो ते. मी गप्प बसलो तर सगळं तिच्या एकटीवर जाणार. तिचं घोड्यावर बसणं कायमचं बंद होणार, आणि तिला दुसरं काही येत नाही. बोललो तर ज्या गावात मी घोड्यांचा पंच आहे त्याच गावात तोंड दाखवायची पंचाईत. कारण ती काठी तिच्या हातात होती हे खरं, पण युक्ती माझी होती.

तो हंगाम मला आता दिवसाच्या दिवस आठवतो. सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याच्या बाजूला, हमरस्त्यापासून आत माळावर तबेला होता. फौजेतनं आल्यावर मी तिथं कामाला लागलो होतो. शालन बरोबर आली. दोन खोल्या, पुढं लिंबाचं झाड. माघातली थंडी सरत आलेली, सकाळी घोड्यांच्या नाकातनं वाफ निघायची आणि दुपारी पत्रा तापायचा. ओल्या भुशाचा वास, लिदीचा वास, चामड्याला लावायच्या तेलाचा वास. शालन म्हणायची, "तुमी गेलासा तर मी डोळं झाकून वासावरनं हुडकीन."

मॅडमचा खेळ म्हणजे घोड्याची कवायत. ड्रेसाज म्हणतात. उडी नाही, शर्यत नाही. वाळूच्या चौकोनात घोड्यानं ठरल्या ठिकाणी ठरली चाल चालायची, आणि स्वार तर नुसता बसल्यासारखा दिसला पाहिजे. चौकोनाच्या कडेनं पांढऱ्या पेट्यांवर इंग्रजी अक्षरं मांडलेली. ए-बी-सी-डी मला फौजेत आली. पण इथं ए च्या पुढं के, मग ई, मग एच. मी मॅडमला विचारलं, ही अक्षरं अशी कुणी विस्कटली? ती हसायला लागली. म्हणाली, "कुणालाच नक्की माहीत नाही काका. सगळं जग अशीच मांडतं." मला तेव्हा लय नवल वाटलं होतं. एवढी शिकलेली माणसं, कोट घालून, उंच टोपी घालून, घोड्याला पेटीपाशी वळवतात, आणि पेटी तिथं का आहे ते एकालाही ठाऊक नाही.

मॅडम तेव्हा तिशीची असेल. आठव्या वर्षी तट्टावरनं पडून हात मोडला होता तर प्लास्टरसकट परत येऊन बसली, अशी पोर. देशातली बक्षिसं झाली होती. आता बाहेरच्या देशात जायचं होतं, म्हणून परदेशातनं घोडा आणला. कागदावर त्याचं नाव तीन शब्दांचं, ते माझ्या जिभेला कधी बसलं नाही. शालननं त्याला पहिल्या दिवशीच नाव ठेवलं, पाव्हणा. "काय पाव्हणं, चंदी खाल्ली का? आमच्यातलं पानी मानवलं का?" आणि तो तेवढा मोठा घोडा मान खाली घालून तिच्या पदराचा वास घ्यायचा.

पाव्हण्याला सगळं यायचं. एक सोडून. जागच्या जागी दुडकी. म्हणजे दुडक्या चालीनं पाय उचलायचे, पण पुढं जायचं नाही. जिथं आहे तिथंच, तालात. ड्रेसाजमधली ती सगळ्यात अवघड गोष्ट. मॅडम महिनाभर झटली. तो एक तर पुढं जायचा, नाही तर खांबासारखा उभा राहायचा. निवडीचे दिवस जवळ आले. ती जेवायची बंद झाली. एकदा वाळूतच बसली डोकं धरून.

तेव्हा मी बोललो. बोललो म्हणजे मिरवलोच.

"मॅडम, ह्येच हाय व्हय ते? आमच्या यात्रंत तट्टं करत्यात की ह्ये. हलगीवर."

शालनचं माहेर जत तालुक्यातलं. माझे सासरे वरातीत नाचवायची घोडी पाळायचे. आमच्या लग्नात ती घोडी नाचली, आणि मी नवरीकडं बघायचं सोडून घोडीचे पाय बघत बसलो. शालननं ते जन्मभर सुनावलं. "ह्यांनी माज्याआदी माज्या बाच्या घोडीला पसंत केलं." सासऱ्यांची रीत मी नंतर बघून घेतली होती. दोन खांब, मध्ये घोडी, पायात हलकी साखळी, बांबूची बारीक काठी. हलगीच्या ठोक्याबरोबर पायाला काठी. सासरे म्हणायचे, "मार न्हवं जावई, आठवण."

मॅडमनं सगळं ऐकून घेतलं. दोनदा नको म्हणाली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "साखळी नको. नुसती काठी." मी खांब रोवले. हलगीचा आवाज मोबाईलवर लावला. दोर मी धरला.

शालनला कळलं ते भाकऱ्या करताना. तवा खाली उतरवून ठेवला तिनं.

"आवं, माज्या बाची घोडी नाचायची ते तुमी बघितलंसा. नाचून आल्यावर तिचं पाय मी धुतलंया. धा वर्साची व्हते. हळद लावाय गेलं की ती आशीच पाय उचलायची. एक, मग दुसरा. हलगी नसताना."

"तुला काय कळतंय? आटरा वर्सं घोड्यात काढलीत मी."

"घोड्यात काढली आसतीला. पायात न्हाई काढली."

आठ-दहा दिवसांत पाव्हणा पाय उचलायला लागला. मग मॅडमनं खोगिरावर बसून नुसत्या टाचेनं करून घेतलं, काठीशिवाय. देखणं दिसायचं. खोटं कशाला बोलू? एवढं मोठं जनावर, आणि वाळूवर पाऊल ठेवताना मांजर. माझी छाती फुगायची.

आणि मग ती संध्याकाळ. दिवेलागणीची वेळ. शेजारच्या गावात यात्रा होती, पालखी निघाली असेल. वाऱ्यावर हलगी ऐकू आली. पाव्हणा कुंपणात मोकळा होता. ना लगाम, ना खोगीर, ना कुणी जवळ. त्यानं मान वर केली, कान वळवले, आणि एकटाच जागच्या जागी दुडकी धरली. मॅडम धावत आली. तिच्या डोळ्यांत पाणी. "बघा काका, त्याला आवडतं! कुणी सांगितलेलं नाही, आपणहून करतोय!"

मलाही तेच वाटलं. वाटायला पाहिजेच होतं.

शालन कुंपणाला हात टेकून उभी होती. मॅडम गेल्यावर म्हणाली, "आवडतंय तर एवढा घाम कशाचा? न्हाई पळला, न्हाई फिरला. हुब्या हुब्या भिजलाया." मग म्हणाली, "हलगी थांबली की त्यो कुनीकडं बघतुया, तेवढं बघा."

हलगी थांबली. पाव्हण्यानं मान वळवून शेडच्या कोपऱ्याकडं बघितलं. बराच वेळ बघत राहिला.

"बघितलंसा? काठी."

"आगं येडे, चंदीची पेटी हाय तितं. चंदीची येळ झालीया त्याची."

दोन्ही खरं होतं. चंदीच्या पेटीलाच ती काठी टेकवून ठेवलेली असायची. मीच ठेवायचो. आता तुम्ही सांगा, घोडा कशाकडं बघत होता? आम्ही दोघं त्यावरनं इतकं भांडलो की चार दिवस बोलणं बंद. पाणी तिनं दिलं तर मी घेईना. साधी परीक्षा होती. काठी दुसरीकडं ठेवायची, आणि पुन्हा हलगी लावून बघायचं. एका मिनिटाचं काम. मी केलं नाही. उत्तर नको होतं मला.

पाचव्या दिवशी शालनला ताप भरला. छातीत कफ, श्वास लागेना. मॅडमनं तिला स्वतःच्या गाडीत घालून साताऱ्याला दवाखान्यात नेलं. निवडीला आठवडा राहिलेला असताना दोन दिवस तिथल्या बाकावर बसून राहिली. शालन बरी झाली. घरी आल्यावर मला म्हणाली, "आता मी त्या पोरीला काय तोंडानं बोलू? तुमीच बोला." मी म्हणालो, बोलतो. बोललो नाही.

निवडीत पाव्हणा पहिला आला. परीक्षकांनी कागदावर लिहिलेलं मॅडमनं मराठीत करून सांगितलं. जागच्या जागी दुडकीला सगळ्यात जास्त गुण, आणि शेरा असा, की घोडा खुशीत दिसतो. शालननं ते ऐकलं आणि भांडी घासायला गेली. मॅडम घोडा घेऊन बाहेरदेशी गेली, तबेला दुसऱ्याकडं गेला, आम्ही गावाकडं आलो. त्यावर पुन्हा बोलणं झालं नाही. पंच म्हणून मी यात्रेत बसायचो तेव्हा ती घरीच थांबायची. पाय दुखतात म्हणायची.

मला नवल वाटतं ते हेच. घोड्याला आवडतं का नाही हे कसं कळायचं? कान, शेपूट, नाकपुड्या, सगळं मला वाचता येतं. पण वाचणारा खोटारडा असला तर वाचून काय उपयोग. आणि दुसरं असं. मी स्वतः रंगरूट असताना कवायतीत पाय चुकला की उस्ताद नडगीवर काठी मारायचे. रडलोय मी. आज टीव्हीवर सव्वीस जानेवारीचा बँड वाजला की खाटेखाली माझे पाय आपोआप चालतात, आणि मला बरं वाटतं. आता हे आवडणं माझं का त्या काठीचं? सत्तरी ओलांडली, मला माझ्या पायांचं सांगता येत नाही. घोड्याचं कोण सांगणार? शालन असती तर म्हणाली असती, "मग न सांगता येनाऱ्याला बांधायचंच कशाला?" ती असली बोलायची. ठोकून. तिच्याशी भांडायला आता कुणी नाही, म्हणून तिची बाजूही मलाच मांडावी लागते, आणि मग ती दर वेळी जिंकते.

यात्रेदिवशी म्हादू बोलवायला आला. माझ्याबरोबर फौजेत होता.

"उट की रं, गड्या. खुर्ची मोकळी हाय. लोक म्हंत्यात पंच रुसला."

गेलो. पण खुर्चीवर बसलो नाही. मागं गेलो, जिथं नाचून आलेली घोडी सोडतात. जतकडची एक पांढरी घोडी होती, मालक तिचे चाळ काढत होता. मी खाली बसून तिच्या पायांवरनं हात फिरवला.

"काय हुडकताय आबा?" मालक म्हणाला. "पंच नाच बघत्यात. पाय कवापासनं बघाय लागलं?"

"आजपासनं."

"मग सांगा, काय घावलं?"

काही घावलं नाही. पाय गुळगुळीत होते. आणि घोडी मालकाच्या खिशात तोंड घालून गूळ काढत होती, तो तिला लाडानं ढकलत होता. "सर की गं, भवाने!" तिला त्याचा राग होता असं मला काही दिसलं नाही. म्हणजे कुणी काठी न लावताही शिकवत असेल. असेल. नाहीतर तीही माझ्या पायांसारखी असेल. मी तसाच खाली बसून राहिलो. म्हादू म्हणाला, "वारं लागलं का काय तुला? चल, नंबर काढायचं हायत." मी म्हणालो, "तू काढ. माज्याच्यानं आता हुनार न्हाई."

घरी येऊन मॅडमला फोन लावला.

"माजा पत्ता द्या त्यास्नी."

"काका, नको. कशाला तुम्ही..."

"द्या म्हंतोय न्हवं. तुमी शालनला गाडीत घातलंसा त्याची फेड न्हवं ही. ती आदीच बोलाय सांगून गेली व्हती. मी हुशीर केला."

ती रडली. मी फोन ठेवला.

चौकशीची दोन माणसं आली. एक चष्म्याच्या बाई आणि एक तरुण साहेब, हातात फायली. ओसरीवर सतरंजी टाकली. मी पहिल्यापासून सांगितलं. सासऱ्यांची रीत, खांब, दोर, मोबाईलवरची हलगी, टोपी. सुनंदा चहा घेऊन दारात आली ती कप हातात तसेच धरून उभी राहिली.

साहेब म्हणाले, "बाबा, असं सांगायला तुम्हाला मॅडमनी सांगितलं का?"

"तिनं गप बसा म्हनून सांगितलंया."

बाई म्हणाल्या, "यानं त्यांची चूक कमी होत नाही, काका. काठी त्यांच्याच हातात होती."

"कमी कराय कोन म्हंतंय? तिची तिच्याजवळ ऱ्हाऊ द्या. माजी कुटं लिवल्याली न्हाई, तेवडी लिवा. शिकवलं मी. बांदलं मी. घोड्याला घाम सुटला त्यो मी बघितला आन् चंदीची येळ झालीया म्हनालो."

बाईंनी लिहून घेतलं. वाचून दाखवलं. मी सही केली, फौजेत करायचो तशी, पूर्ण नाव.

सुनंदानं कप खाली ठेवले. माझ्याकडं बघितलं नाही. संध्याकाळपर्यंत गावाला कळणार हे तिला माहीत होतं, मलाही होतं.

ती माणसं उठायला लागली तेव्हा मी विचारलं, "घोडा कुटं हाय आता?"

साहेबांनी एक फाईल उघडली, मग दुसरी. मॅडमचे कागद होते, फिल्लम काढणाऱ्याचे होते, आता माझाही एक होता. घोड्याचं काही नव्हतं. मग त्यांनी अंगणात जाऊन दोन-तीन फोन लावले. परत आले ते जरा ओशाळून. घोडा थकला होता, परत आपल्याकडंच आणला होता, पुण्याच्या पलीकडं एका कुरणात मोकळा असतो. पाठीवर आता कुणी बसत नाही.

"बघाय चालंल का?"

"चालेल की," बाई म्हणाल्या. "कुणी येत नाही म्हणे त्याला बघायला."

बुधवारी जाणार आहे. सुनंदा दोन दिवस नुसता चहा ठेवून जात होती, काल म्हणाली, "मामा, मी येऊ संगं? यष्टीत चढताना हात लागंल तुमास्नी." मग म्हणाली, "येवड्या वर्सांनी वळकंल व्हय त्यो?" ओळखेल. घोडा माणूस विसरत नाही, एवढं मला खरोखर कळतं. मी कुंपणाच्या बाहेर उभा राहणार. हाक मारणार नाही, हातात गूळ धरणार नाही, काहीच आमिष नको. त्याचं त्यानं बघू दे. कान पुढं केले, तर आत जाऊन पाय चेपीन त्याचे. मागं पाडले, तर तिथनंच माघारी फिरणार.